रस्त्याचं बिल नेटवर दिसायलंय, पण इस्टिमेट आन एमबी (मोजमाप पुस्तिका) कुठं बघायची?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहायलो, वाचून घ्या.

मागच्या महिन्यात रात्री लाइट गेलती, बसल्या बसल्या मोबाइलवर ई-ग्रामस्वराजची साइट उघडली. राज्य, जिल्हा, तालुका असं निवडत निवडत आमच्या ग्रामपंचायतीवर आलो आन बघतो तर पंधराव्या वित्त आयोगातला खर्च व्हाउचरनिशी दिसायला. त्यात एक काम हाय, मारुती मंदिर ते जि.प. शाळा सिमेंट रस्ता. पैसे दोन वेळा गेलेत, तारीख हाय, रक्कम हाय, कुणाच्या खात्यात गेले ते बी हाय.

आता खरी गोष्ट अशी की तो रस्ता शाळेपर्यंत गेलेलाच नाही. पिठाच्या गिरणीपशी संपलाय. तिथून पुढं शाळेच्या गेटपर्यंत आपली काळी माती, पाऊस पडला की बारकी पोरं चप्पल हातात घेऊन जातात आन शाळेच्या हापशावर पाय धुतात. माझी भाची तिसरीला हाय, तिचा एक बूट त्या गाळात रुतला तो निघालाच नाही.

ग्रामसेवकाला विचारलं (आता ग्रामपंचायत अधिकारी मनायचं म्हणे) तर ते मनले, मंजूर तेवढंच होतं. असंल बी. मी कुणाला चोर मनत नाही. पण मंजूर किती मीटर होतं हे मला कुठं बघायला मिळंल? नेटवर निस्ती रक्कम हाय. रकमेवरून मला काय कळणार, किती लांब, किती रुंद, किती जाड हे कळलं तर मी टेप घेऊन जाईन ना. बिल नेटवर टाकता येतंय तर त्याच्या मागचं इस्टिमेट आन मोजमाप टाकायला काय अडचण हाय? आन ह्या कामाचं ऑडिट झालंय का नाही ते कसं कळंल? जाणकारांनी सांगा.

खडी_मुरूम (लातूर)

भाऊ, मी बांधकाम साइटवर सुपरवायझर हाव, सरकारी नाही, पण असली कामं जवळून बघितलीत.

एका रस्त्यामागं कागदांची रांग असती. आधी आराखड्यात नाव येतं, मग इस्टिमेट बनतं, त्याला तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग टेंडर नाहीतर दरपत्रकं, मग वर्क ऑर्डर. काम झालं की शाखा अभियंता येऊन मोजतो आन मोजमाप पुस्तिकेत लिहितो, तीच एमबी. वरचा साहेब ती तपासतो, मग बिल, मग पूर्णत्वाचा दाखला. आता तुमच्या त्या साइटवर काय दिसतंय बघा, पहिला आराखडा आन शेवटचं व्हाउचर. म्हंजे डोकं आन शेपूट नेटवर, पोट सगळं कपाटात. चोरी होत असंल तर ती पोटातच होती.

तुम्हाला दोनच कागद पाहिजेत, इस्टिमेट आन एमबी. एमबीत लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी असं सरळ लिहिलेलं असतं, सातवी शिकलेल्या माणसाला बी कळतंय. गावातल्या सिमेंट रस्त्याला बहुतेक १५ सेंटिमीटर जाडी धरतात, पण तुमच्या इस्टिमेटमधे काय धरलंय तेच खरं. लांबी तर कुणी बी मोजंल, जाडी मोजायची युक्ती सांगतो. नळाच्या पाइपलाइनसाठी कुठंतरी रस्ता फोडला असंल बघा, आजकाल प्रत्येक गावात जलजीवनच्या पाइपासाठी फोडलेलाच हाय. तिथं कडेला पट्टी लावा. मातीचा थर सोडून निस्तं काँक्रीट मोजा आन दोन तीन ठिकाणी मोजा, एका जागेवर जाऊ नका.

आन महाटेंडर्सच्या साइटवर बी बघून घ्या, पण तिथं मोठीच कामं सापडतात. ठरलेल्या रकमेच्या खालच्या कामाला ई-टेंडर लागत नाही. मनूनच काही ठिकाणी एकाच रस्त्याचे तुकडे पाडतात, अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत एक काम, तिथून पुढं दुसरं काम. तीन कामं दिसतात, गुत्तेदार एकच.

वाट_बघतोय (हिंगोली)

आमच्या इथं पण सेम टू सेम, नाली कागदावर पूर्ण, जाग्यावर अर्धी. फॉलो करायलोय.

आप्पा_धाराशिव

मी लेखापरीक्षेच्या खात्यातून निवृत्त झालो. बरीच वर्षं ग्रामपंचायतींची दप्तरं तपासली, म्हणून ऑडिटबद्दल तेवढं सांगतो.

ग्रामपंचायतीचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा करते, त्याचा कायदा १९३० सालचा आहे. आम्ही जायचो तेव्हा रोकडवही म्हणजे नमुना ५ समोर घ्यायचो, बँकेचं पासबुक शेजारी, आणि प्रत्येक खर्चाचं प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, एकेक करून लावायचो. बिल आहे का, एमबीचा पान नंबर आहे का, ठराव आहे का, कपाती केल्यात का. नसेल तर आक्षेप. मग ग्रामपंचायतीनं त्याचं अनुपालन द्यायचं, म्हणजे उत्तर आणि पुरावा. ते आलं नाही की आक्षेप पुढच्या वर्षात जातो, तिथून पुढच्या. मी पंधरा वर्षांचे जुने आक्षेप तसेच लोंबकळताना पाहिलेत. तोवर तीन सरपंच आणि चार ग्रामसेवक बदललेले असायचे, आणि रक्कम कुणाकडून वसूल करायची हाच प्रश्न व्हायचा.

पण पूर्णाकाठ, एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोकांचा इथंच गैरसमज होतो. ऑडिटवाला रस्ता मोजायला जात नाही. त्याच्याकडं वेळ नसतो, एकामागं एक गावं असतात. तो कागदाला कागद जुळतो का बघतो. एमबीत २०० मीटर लिहिलंय आणि बिलही २०० मीटरचं आहे, त्याच्या लेखी काम बरोबर. रस्ता जागेवर १२० मीटर आहे हे त्याला कळणार कुठून? ते फक्त तुमच्या गावातल्या माणसाला माहीत आहे. तुम्हाला रस्ता दिसतो पण कागद दिसत नाही, त्याला कागद दिसतो पण रस्ता दिसत नाही. हे दोघं कधी एकत्र येतच नाहीत. कागद नेटवर टाका म्हणतात ते एवढ्यासाठीच. मी नोकरीत असताना कितीतरी वेळा मनात यायचं की हा आक्षेप त्या गावातल्या दहा माणसांनी जरी वाचला असता तर आमचं निम्मं काम झालं असतं.

आता कुठं बघायचं ते. २०२० पासून केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाची ऑडिटऑनलाइन नावाची साइट आहे. वर्ष आणि ग्रामपंचायत निवडली की अहवाल उघडतो का बघा. अहवाल मिळाला तर नुसता शेवटचा आकडा पाहू नका, परिच्छेद वाचा. 'प्रमाणक आढळून आले नाही', 'मोजमाप पुस्तिका तपासणीस उपलब्ध करून दिली नाही', 'वसूलपात्र' असे शब्द आले की तिथं थांबा. मोजमाप पुस्तिका दिली नाही हे वाक्य साधं दिसतं, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बोलणारं वाक्य तेच.

आणि ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ८ वाचा. वर्षाचा जमाखर्च आणि शेवटची लेखापरीक्षा टिपणी, तिच्या उत्तरांसकट, ग्रामसभेपुढं ठेवायची आहे. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. तुमच्या ग्रामसभेत ती कधी वाचलेली आठवते का?

दुधनेचा_पोरगा (जालना)

आप्पा तुम्ही मनता ते पटलं, पण खरं सांगू का, नेटवर टाकून काय होतंय? सगळं टाकलेलंच हाय की. जलयुक्त शिवार घ्या. ९ हजार ६०० कोटींच्या वर खर्च झाला, कॅगनं, म्हंजे देशाच्या महालेखापरीक्षकानं, २०२० मधे अहवाल दिला की गावं पाण्यानं परिपूर्ण करायची आन भूजल वाढवायचं ह्यात फारसं यश आलं नाही. तपासलेल्या जिल्ह्यांत आपल्या मराठवाड्यातला बीड बी होता. तो अहवाल कॅगच्या साइटवर आज बी पडलेला हाय, कुणी बी डाउनलोड करावा. आमच्या गावच्या नाल्यावरचा बंधारा पहिल्याच पावसात एका अंगानं वाहून गेला, त्याचा त्या पीडीएफनं काय फरक पडला? माझे वडील रोज सकाळी त्या बंधाऱ्यापशी जाऊन उभे राहतात, त्यांना पीडीएफ काय असतंय ते माहीत नाही आन माहीत असून बी त्यात आमच्या गावचं नाव निघणार नाही.

म्हंजे मी काय मनायलो, माहिती वर वर टाकतात, राज्याची जिल्ह्याची. आपल्या वावराशेजारच्या बंधाऱ्याची कुणी टाकत नाही.

वॉर्ड३_सदस्य (बीड)

दादा तुमचं दुखणं कळतंय मला, पण 'काय होतंय' असं मनून सोडू नका, मी आमच्या गावचं सांगते.

मी पहिल्यांदाच निवडून आले, राखीव जागेवरून. पहिल्या दोन मीटिंगला माझ्यापुढं रजिस्टर यायचं आन बोट दाखवायचे, ताई इथं सही करा. सरपंच पण बाईच हायत. पैसे ऑनलाइन जातात मनून त्यांच्या सहीचं डोंगल असतंय, ते आमच्या सरपंचताईंनी सहा महिने बघितलेलं बी नव्हतं, दुसऱ्याच माणसाच्या खिशात असायचं. सही त्यांची, बटण दाबणारा दुसरा. नेटवर मात्र त्यांच्याच नावानं सगळं नीट. तवा नेटवर हाय म्हंजे खरं हाय असं मी बी मनत नाही.

पण आमच्याकडं रोजगार हमीचं मस्टर, म्हंजे हजेरीपट, साइटवर बघायला पोरं शिकली तवा काय झालं ते ऐका. एका बाईचं नाव मस्टरवर होतं, चौदा दिवस हजेरी. आता ती बाई तर नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेलेली, कोयता घेऊन कर्नाटकात, दिवाळीला गेलेली ती पाडव्याला आली. तिच्या पोरानं तिकडं फडावर बसून मोबाइलवर बघितलं आन मला फोन केला, मावशी आईच्या नावानं इथं कोण काम करायलंय? ते नाव मस्टरवर पोराला दिसलं, मनून कळलं. कपाटात असतं तर ती बाई मरेपर्यंत कळलं नसतं.

त्याच्यानंतर आम्ही ग्रामसभेत ठराव घेतला. ग्रामपंचायतीच्या भिंतीला पांढरा रंग मारला आन प्रत्येक कामाचं नाव, लांबी, रुंदी, किती पैसे, कुणाला दिलं, कधी पूर्ण करायचं, हे पेंटरकडून लिहून घेतलं. सोप्या मराठीत, अक्षरं हाताएवढी. राजस्थानात हे लई आधी झालंय, तिथं मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, मस्टर आन बिलं गावापुढं मोठ्यानं वाचायचे आन लोक उठून सांगायचे की मी ह्या कामावर नव्हतो. १९९६ ला ब्यावरला धरणं धरलं चाळीस दिवस, तिथून माहिती अधिकाराची मागणी देशभर गेली. २०१९ ला राजस्थान सरकारनं जन सूचना पोर्टल काढलं, त्याचं मूळ ह्या लोकांच्या कामातच हाय.

आमच्या भिंतीवर लिहिल्यावर तिसऱ्या दिवशी किराणा दुकानवाले मामा आले आन मनले, ताई ह्या नालीचे १८० मीटर लिहिलेत, माझ्या दुकानापशी तर ती संपती, तिथवर १८० होत नाहीत. गुत्तेदार परत आला. राहिलेली नाली बांधून दिली, मी तिथं उभी राहून बघितली. सगळ्याच कामात असं झालं नाही, एका पाण्याच्या टाकीवर आम्ही अजून भांडायलोत.

दुधनेच्या पोरा, तुझ्या वडलांना पीडीएफ नको, त्यांना बंधाऱ्याच्या कडेला फळी पाहिजे. पण त्या फळीवर काय लिहायचं ते आधी कुणीतरी कपाटातून बाहेर काढावं लागतंय ना.

वकिली_पहिलं_वर्ष (छत्रपती संभाजीनगर)

चर्चा मस्त चाललीय, कायद्याचं थोडं माझ्याकडून.

माहिती अधिकार कायदा २००५ मधलं कलम ६ सगळ्यांना माहीत असतं, अर्ज करायचा आणि माहिती मागायची. पण ह्या धाग्याचा जीव कलम ४ मधे आहे. ४(१)(ख) मधे १७ बाबी आहेत ज्या कुणी न मागता ऑफिसनं स्वतःहून प्रसिद्ध करायच्या, त्यात अंदाजपत्रक आणि झालेला खर्च येतो. केंद्राच्या कार्मिक विभागानं एप्रिल २०१३ मधे अजून सूचना काढल्या, त्यात खरेदी, दिलेली कंत्राटं, कॅगचे परिच्छेद हे पण टाका असं सांगितलं, अर्थात त्या केंद्राच्या खात्यांना आहेत. आपल्याकडं बहुतेक ऑफिसांच्या साइटवर १७ बाबींच्या नावाखाली साहेबाचा जुना फोन नंबर आणि कर्मचाऱ्यांची यादी असते, आणि कामाच्या कागदाचा पत्ता नसतो. माझ्या मते दुधनेचा_पोरगा जे म्हणतो त्याचं कारण हेच आहे. माहिती टाकली नाही म्हणून कुणाचंच काही अडत नाही.

स्लोव्हाकिया नावाचा युरोपातला छोटा देश आहे, त्यांनी २०११ पासून काय केलं बघा. सरकारी करार इंटरनेटवर प्रसिद्ध झाला की दुसऱ्या दिवसापासून तो लागू होतो. तीन महिन्यांत प्रसिद्ध केलाच नाही तर तो करार झालाच नाही असं धरतात. म्हणजे कागद वर टाकायची घाई गुत्तेदारालाच, कारण नाही टाकला तर त्याचंच बिल अडतं. मला हे फार आवडलं. आपल्याकडं 'एमबी अपलोड झाल्याशिवाय व्हाउचर पुढं जाणार नाही' एवढी एक अट त्या सॉफ्टवेअरमधे घातली तर पूर्णाकाठ यांना हा धागा काढावाच लागला नसता.

आता काय करायचं ते. राज्य सरकारचा २६ नोव्हेंबर २०१८ चा जीआर आहे, जिल्हा पातळीवरची ऑफिसं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना रेकॉर्ड बघू द्यायचं. जीआरची प्रिंट सोबत न्या, कारण बऱ्याच ठिकाणी 'असं काही नसतं' हेच पहिलं उत्तर मिळतं. तिथं नाही जमलं तर अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राच्या नियमात हे आहे म्हणून लांबण लावू नका, नाहीतर तेवढ्यावरच परत पाठवतात. कामाचं नाव आणि व्हाउचरची तारीख ई-ग्रामस्वराजवर आहे तशीच लिहा आणि इस्टिमेट, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, पूर्णत्वाचा दाखला, एवढंच मागा. 'संपूर्ण माहिती द्यावी' असं कधी लिहू नका. ३० दिवस. नाही दिली तर कलम ७(६) प्रमाणं फुकट द्यावी लागते, आणि ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. कलम २(ञ) मधे कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा पण हक्क आहे, तो लोक वापरतच नाहीत.

अजून एक. हल्ली 'ही वैयक्तिक माहिती आहे' म्हणून अर्ज परत करायचं प्रमाण वाढेल अशी मला भीती आहे, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं कलम ८(१)(ञ) चे शब्द बदललेत. पण जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) अजून जागेवर आहे, अपिलात ते लिहा. सरकारी पैशातून बिल घेणाऱ्या गुत्तेदाराचं नाव ही त्याची खासगी गोष्ट नाही. हां, मजुराचा खाते नंबर झाकायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही.

खडी_मुरूम (लातूर)

वकीलसाहेब, एमबी अपलोड केल्याशिवाय बिल नाही, हे एकदम बरोबर. फोटो तर आत्ता बी लोकेशनसहित टाकतात, पण रस्त्याच्या एका टोकावर उभं राहून काढलेल्या फोटोत ५० मीटर आन २०० मीटर सारखेच दिसतात. फोटो नको, एमबीचं पान पाहिजे.

पूर्णाकाठ (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार, आप्पा तुमचे विशेष. मधी दहा बारा दिवस गेले, काय काय झालं ते सांगतो.

परवा सकाळी मी, माझा चुलतभाऊ आन गिरणीवाले काका असे तिघं टेप घेऊन गेलो. तीस मीटरचा टेप गवंड्याकडून आणला. मारुती मंदिराच्या ओट्यापासून धरलं, प्रत्येक तीस मीटरला खडूनं रेघ मारली आन काकांनी वहीत लिहिलं. भरले ११४ मीटर. तिथून शाळेचं गेट अजून ७१ मीटर. जलजीवनच्या पाइपानं फोडलेल्या तीन जागी पट्टी लावली, दोन जागी चार इंचाच्या आसपास भरलं, मंदिरापशी मात्र पूर्ण सहा इंच, म्हंजे १५ सेंटिमीटर. बघायला माणसं जमली. एका म्हाताऱ्या आजीनं विचारलं, बाबा रस्ता इकायला काढलाय का मोजायलेत? मी सांगितलं कशासाठी मोजायलो ते, तर ती शाळेपर्यंत आमच्यासोबत चालत आली.

ऑडिटऑनलाइनवर आमच्या गावचा त्या वर्षीचा अहवाल सापडला नाही, त्याच्या आदल्या वर्षीचा उघडला. त्यात दुसऱ्या एका कामापुढं आप्पांनी सांगितलेलंच वाक्य हाय, मोजमाप पुस्तिका तपासणीस उपलब्ध करून दिली नाही. वाचून पोटात कसंतरी झालं.

अर्ज सोमवारी दिला, पोच घेतली, सही शिक्का तारखेसहित. वकीलसाहेब तुम्ही सांगितलं तसं चारच कागद मागितले, ९० शब्दांत बसलं. ग्रामसेवक चिडले नाहीत, उलट हळूच मनले की एमबी पंचायत समितीत हाय, मी मागवतो. बघू. ग्रामसभा आली की ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ८ मनून ऑडिट टिपणी वाचायची मागणी लेखी देणार हाव, त्याच्यावर ४३ जणांच्या सह्या झाल्यात, गिरणीतच वही ठेवलीय.

ताई, तुम्ही भिंतीचा ठराव कसा लिहिला होता त्याचे शब्द इथं टाकता का? आम्हाला बी तसाच घ्यायचाय.

वॉर्ड३_सदस्य (बीड)

टाकते भाऊ, प्रोसिडिंग बुक ग्रामपंचायतीत हाय, उद्या जाऊन फोटो काढते. एक आत्ताच सांगून ठेवते, ठरावात 'माहिती लावावी' एवढंच लिहू नका. लांबी, रुंदी, जाडी हे तीन शब्द घालायलाच लावा, आन भिंत रंगवायचा खर्च कोणत्या निधीतून करायचा ते बी त्याच ठरावात लिहा. आमचा पहिला ठराव त्याच्यापायीच चार महिने पडून होता.